तळीतल्या तांबड्या कृमींवर ब्लिचिंग पावडर ओतण्याआधी

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या अंकात गेल्या आठवड्यात आमच्या फोंडा तालुक्यातल्या एका देवळाच्या तळीची बातमी आली होती. पायऱ्यांलगतच्या गाळात तांबडे, दोऱ्याएवढे बारीक किडे झुंडीने वळवळताना दिसले, बघणारे घाबरले, आणि आता तळीत ब्लिचिंग पावडरची पोती ओतायचे घाटत आहे, असा त्या बातमीचा मजकूर. ही पोती ओतू नयेत म्हणून हे पत्र लिहीत आहे. निदान त्याआधी त्या गाळाचा एक चमचा कोणीतरी काचेवर घेऊन बघावा, एवढी तरी विनंती आहे.

मी आरोग्य खात्यात प्रयोगशाळा तंत्रज्ञ होते. मलेरियाच्या स्लाइड बघण्यात माझी सारी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर मुलाने घरी सूक्ष्मदर्शक घेऊन दिला. तेव्हापासून कुळागरातली तळी, पोफळींना पाणी नेणारा पाट, पावसात सड्यावर साचणारी डबकी, वायंगणाच्या, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भाताच्या, शेतातले पाणी, जे मिळेल ते मी बघत असते. बातमीतल्या किड्यांशी माझी जवळची ओळख आहे, म्हणून लिहिण्याचे धाडस करते.

पाण्यातल्या किड्याला आपली माणसे घाबरतात त्याला कारण आहे, आणि ते मी हसण्यावारी नेणार नाही. शेजारच्या महाराष्ट्रात आणि कर्नाटकात पायऱ्यांच्या विहिरींतून नारू पसरत असे. पायातून हातभर लांबीचा कृमी बाहेर पडताना ज्या घरांनी बघितला, तिथे पाणी फडक्याने गाळूनच पिण्याची सवय पुढच्या पिढीतही राहिली. भारतात नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये नोंदला गेला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. पण नारू हा गोलकृमी. त्याच्या अंगावर वळी नसतात, आणि पाण्यातून तो माणसात शिरतो तो सायक्लॉप्स नावाच्या ठिपक्याएवढ्या जीवाच्या पोटात बसून. तिथे तो उघड्या डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. पोटातले जंत आणि अंकुशकृमी हेही गोलकृमीच. तळीच्या गाळात झुंडीने राहणारे तांबडे कृमी निराळ्या वंशातले, गांडुळाचे भाऊबंद. अंगावर एकामागून एक वळी, प्रत्येक वळ्याला स्वतःचे स्नायू आणि मज्जातंतूंची गाठ, आणि दोन्ही कडांना राठ केसांचे झुबके. माणसाच्या आतड्यात ते जगत नाहीत. तिथे धरून राहायला लागणारे अंकुश किंवा चोषके त्यांच्याकडे नाहीत.

नोकरीत असताना शौचाच्या नमुन्याच्या डबीत असले कृमी अधूनमधून यायचे. मुलाच्या पोटातून पडले, असे आई काळजीने सांगायची. काचेवर घेतल्यावर कडेचे केस दिसायचे आणि उलगडा व्हायचा. डबी धुतलेल्या पाण्यातून किंवा संडासाच्या भांड्यातून कृमी नमुन्यात आलेला असायचा. मुलाला जंताच्या गोळ्या देण्याचे काहीच कारण नसायचे. अशा वेळी मी त्या आईला मुद्दाम खुर्चीवर बसवून भिंगातून बघायला लावत असे, म्हणजे तिची खात्री पटायची.

दुसरी गोष्ट, तांबडा आणि बारीक म्हणजे एकच किडा असे नाही. ‘बांयंत तांबडे किडे जाल्यात’ (विहिरीत तांबडे किडे झालेत) म्हणून शेजारपाजारच्या बाया माझ्याकडे बाटल्या आणतात, त्यात बहुतेक वेळा कृमी नसतोच. ती असते कायरोनोमिड नावाच्या माशीची अळी. ही माशी दिसायला डासाच्या तोंडावळ्याची, पण चावत नाही. तिच्या अळीला कडक, तपकिरी डोके असते, डोक्यामागे आखूड पायांची जोडी असते आणि पाण्यात ती इंग्रजी आठचा आकडा काढत झटके देत पोहते. गच्चीवरच्या टाकीत आढळणारे तांबडे किडे तर जवळजवळ नेहमी याच अळ्या. माशी उडत येते आणि पाण्यावर अंडी घालते, म्हणून टाकी धुऊन झाकण नीट बसवले आणि हवेच्या पाइपच्या तोंडाला मच्छरदाणीचे कापड बांधले की काम झाले. गाळातल्या खऱ्या कृमीला कडक डोके नाही, पाय नाहीत. ताटलीत काढून ठेवले की सगळे एकमेकांत गुंतून त्यांचा लोळा होतो. बातमीसोबतच्या फोटोत असा लोळा स्पष्ट दिसतो, म्हणून त्या तळीत ट्यूबिफेक्स किंवा त्याचा सख्खा भाऊ लिम्नोड्रायलस आहे असे मी मानते. म्हापशाला, मडगावला मासे विकणाऱ्या दुकानांत ट्यूबिफेक्सच्या वाळवलेल्या वड्या मिळतात. घरी मासे पाळणाऱ्यांनी त्या हाताळलेल्या असतात.

हा कृमी डोके खाली गाळात खुपसून राहतो आणि शेपटी वर पाण्यात काढून ती सारखी हलवत असतो. तळीच्या काठावर शांत उभे राहिले की वाऱ्यात वायंगणाची कोवळी रोपे डुलावीत तसा तो तांबडा पट्टा हलताना दिसतो. पायरीवर जोरात पाय आपटा, सगळा पट्टा क्षणात गाळात नाहीसा होतो. शेपटी बाहेर असण्याचे कारण श्वास. त्याला फुप्फुसे नाहीत, कल्ले नाहीत. शेपटीच्या पातळ कातडीतून पाण्यातला प्राणवायू रक्तात उतरतो, आणि पाण्यात प्राणवायू जितका कमी तितकी शेपटी जास्त लांब बाहेर येते. तांबडा रंग हिमोग्लोबिनचा. रक्त बघण्यात आयुष्य गेल्यामुळे मला हा भाग फार आवडतो. आपले हिमोग्लोबिन तांबड्या पेशींच्या आत बंदिस्त असते. या कृमींचे रक्तद्रवातच विरघळलेले असते आणि त्याचा रेणू प्रचंड मोठा असतो. माणसाच्या हिमोग्लोबिनच्या रेणूचे वजन सुमारे ६४ हजार डाल्टन (रेणूचे वजन मोजायचे एकक), तर गांडुळाच्या रेणूचे सुमारे ३६ लाख. एवढा मोठा रेणू रक्तवाहिनीतून पाझरून जात नाही, म्हणून पेशीची पिशवी नसली तरी चालते. जिथे मासा गुदमरून मरतो तिथे हा कृमी या रक्ताच्या जोरावर तग धरतो.

गाळात खुपसलेले तोंड खालचा गाळ गिळत राहते, त्यातले जिवाणू आणि कुजकी पाने पचवते, आणि उरलेला गाळ शेपटीकडून वरच्या थरावर टाकला जातो. असे हजारो कृमी रात्रंदिवस खालचा गाळ वर आणत असतात. त्यांच्या बिळांतून पाणी गाळात उतरते आणि गाळातली खते पाण्यात येतात. जपानमध्ये भातशेतीतल्या या कृमींचा चांगला अभ्यास झाला आहे. ते असले की तणांचे बी गाळात खोल गाडले जाते आणि नत्र-स्फुरद पिकाच्या मुळांपाशी मोकळे होते, असे तिथे दिसले. आपल्याकडे कुडतरीच्या तळ्यांखालची किंवा करमळीच्या तळ्याकाठची शेते कसणाऱ्यांना हे ऐकून नवल वाटू नये. पाणलावा पक्षी लांब चोच गाळात खुपसून जे खातो त्यात हे कृमी असतात. कुडचड्याच्या नंदा तळ्याला २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा मान, मिळाला तेव्हा आपण सर्वांनी आनंद मानला, वर्तमानपत्रांतून पक्ष्यांचे फोटो आले. त्या पक्ष्यांचे अन्न गाळात आहे, त्याचा फोटो मात्र कुठेच आला नाही.

पण मला खरे वेड लावले ते याच कुळातल्या त्याहून लहान मंडळींनी. साळकाच्या (पाण्यातल्या कमळाच्या) पानाची खालची बाजू किंवा जलपर्णीचे मूळ एका वाटीत झाडावे, तळाला बसलेला मळ ड्रॉपरने उचलून काचेवर घ्यावा आणि सर्वांत कमी शक्तीच्या भिंगाखाली बघावे. दोन-चार मिलिमीटर लांबीचे, काचेइतके पारदर्शक कृमी फिरताना दिसतात. अंगातली आतडी दिसते, तिच्यातून सरकणारे हिरवे शेवाळ दिसते, पाठीवरची रक्तवाहिनी लयीत आकुंचन पावताना दिसते. चिरफाड नाही, रंग देणे नाही, जिवंत प्राणी आतून बघता येतो. यांतल्या नाइस नावाच्या कृमीला डोळ्यांचे दोन काळे ठिपके असतात. डेरो नावाच्याच्या शेपटीला बोटांच्या आकाराचे कल्ले असतात, ते उघडमीट होतात आणि त्यांच्यावरचे सूक्ष्म केस पाणी ढवळत राहतात. ऑलोफोरस हा मळाचे आणि पानांचे कण चिकटवून स्वतःभोवती नळी बांधतो आणि ती घेऊनच हिंडतो. इओलोसोमाच्या कातडीत नारिंगी किंवा हिरवट तेलाचे थेंब चमकतात. डोक्याखालच्या सूक्ष्म केसांच्या जोरावर तो काचेवरून घसरत जातो. पूर्वी त्याला गांडुळाच्याच घराण्यात मोजत, आता शास्त्रज्ञ त्याला थोडा बाहेरचा मानतात.

बाजूचे केस हीच यांची ओळखपत्रे. पोटाकडचे केस आखूड, टोकाला दोन दातांत फाटलेले, चालताना धरायला उपयोगी. पाठीवरचे काहींचे लांब आणि सरळ. कोणत्या वळ्यापासून पाठीवरचे केस सुरू होतात, दातांपैकी वरचा मोठा की खालचा, यावरून जात ठरवतात. मोठ्या शक्तीच्या भिंगाखाली ते दात मोजताना माझी दुपार कशी जाते ते मला कळत नाही.

आणि यांची वाढ! काचेवरचा कृमी अनेकदा एक नसतोच. अंगाच्या मध्यावर एक दाट, बारीक वळ्यांचा पट्टा दिसतो. त्या पट्ट्याच्या पुढच्या अर्ध्यातून पुढच्या कृमीची नवी शेपूट तयार होत असते आणि मागच्या अर्ध्यातून मागच्याचे नवे डोके. नाइस असेल तर अंगाच्या मधोमध डोळ्यांचे दोन ठिपके उमटतात. आतडी मात्र अजून सलग असते. पुढच्याने गिळलेले शेवाळ मागच्याच्या पोटातून जात असते. मग मागचा स्वतःच्या मर्जीने वळवळू लागतो, पुढचा एकीकडे ओढतो, मागचा दुसरीकडे, आणि त्या पट्ट्यापाशी दोघे सुटे होतात. सुटे होताना दोघेही पूर्ण असतात. काही जातींत सुटण्याआधीच पुढच्या फाळणीचा पट्टा तयार झालेला असतो, म्हणून तिघा-चौघांची साखळी एकत्र पोहताना दिसते. नर-मादी एकाच अंगात असतात, पण ती अंडी-शुक्राणूंची वाट हे कृमी क्वचितच धरतात. पाणी आणि अन्न भरपूर असेल तर काही दिवसांत संख्या दुप्पट होते. पावसाळ्यात तळीत एकाएकी कृमी झाले असे लोकांना वाटते त्यामागे हे गणित आहे. कोणी बाहेरून आणून टाकलेले नसतात. गाळात होते, दिवस चांगले आले, वाढले.

गोड्या पाण्यातला कृमी कापला तर त्याचे तुकडे पुन्हा पूर्ण होतात, हे जिनिव्हाच्या शार्ल बोने याने १७४१ साली कापून बघितले होते. डोके कापलेल्या तुकड्याला डोके फुटले, शेपूट कापलेल्याला शेपूट. एकाच कृमीचे अनेक तुकडे केले तरी बरेचसे जगले. अंगाच्या मध्यावर नवे डोके करता येणाऱ्या प्राण्याला कापलेल्या जागी डोके करणे जड नसावे, असे आपल्याला वाटेल. तरी या घराण्यातल्या काही शाखा ते विसरल्या आहेत. पॅरानाइस नावाच्या कृमीचे डोके कापले तर एरवी परत येत नाही. पण फाळणीचा पट्टा नुकता कुठे सुरू झालेला असताना त्या जागी कापले तर डोके येते, असे अमेरिकेतल्या संशोधकांना २०१० मध्ये आढळले. विद्या हरवलेली नाही, झाकली गेली आहे. माणसाच्या जखमा भरण्याचा अभ्यास करणारे या मिलिमीटरभर जिवांकडे का बघतात ते यावरून कळेल.

आपल्या देशाचाही यात वाटा आहे, तो आपल्या मुलांना कोणी सांगत नाही. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवणाऱ्या बोर्न यांनी १८९० मध्ये मद्रासच्या पाण्यातून एक नवा कृमी वर्णन केला. अंगाच्या पुढच्या भागातल्या वळ्यांवर कल्ल्यांच्या जोड्या आणि पाठीवरचे केस त्या कल्ल्यांच्या आत बसलेले, असा तो प्राणी. आज त्याला ब्रँकिओड्रायलस म्हणतात, आणि त्या वंशाचा कृमी मला आमच्या कुळागरातल्या तळीत मिळतो. लाहोरला शिकवणाऱ्या जॉन स्टीफन्सन यांचा भारतातल्या गांडुळांवरचा आणि या पाणकृमींवरचा मोठा ग्रंथ १९२३ मध्ये निघाला. पुढे के. वनमाला नायडू यांनी भारतातल्या पाणकृमींवर आयुष्यभर काम केले. शेपटीला कल्ल्यांची रांग असलेला ब्रँकियुरा सोवरबाय हा मूळ आशियाचा, पण त्याला नाव मिळाले १८९२ मध्ये लंडनच्या बागेतल्या कमळाच्या हौदात, झाडांबरोबर तो तिथे पोचला होता म्हणून.

पाण्याशी रोजचा संबंध असलेल्या शेतकऱ्यांनी आणि गुरे पाळणाऱ्यांनी एका कृमीचे नाव तरी लक्षात ठेवावे: कीटोगॅस्टर. हा गोगलगायीच्या अंगावर, तिच्या शिंपल्याच्या काठाशी राहतो. इतर कृमी शेवाळ आणि मळ खातात, हा शिकारी आहे. गुरांच्या यकृतात राहणारा चपटा कृमी, आणि गुडघाभर पाण्यात लावणी करताना पायांना जी खाज सुटते तिला कारण होणारे चपटे कृमी, हे सगळे आधी गोगलगायीत वाढतात आणि तिथून शेपटीवाल्या सूक्ष्म अळ्यांच्या रूपात पाण्यात येतात. कीटोगॅस्टर त्या अळ्या गिळतो. गोगलगायीत शिरू पाहणाऱ्या अळ्याही गिळतो. त्याच्या काचेइतक्या पारदर्शक पोटात गिळलेली अळी सरळ दिसते. मी हे पहिल्यांदा बघितले तेव्हा घरातल्या सगळ्यांना हाका मारून बोलावले होते.

सगळे गुणच आहेत असे नाही. काही माशांचे रोग या कृमींतून जातात. थंड प्रदेशातल्या ट्राउट माशाला भोवऱ्यात फिरवणारा रोग ट्यूबिफेक्समधून येतो हे १९८४ मध्ये सिद्ध झाले. गटारातून काढलेला जिवंत ट्यूबिफेक्स घरच्या काचेच्या टाकीत टाकू नये, हेही खरे. पण तळीत पाय धुणाऱ्या माणसाला त्याच्यापासून काहीही होत नाही.

आता ब्लिचिंग पावडरचा हिशेब. पिण्याच्या विहिरीचे पाणी निर्जंतुक करायला १००० लिटरला साधारण २.५ ग्रॅम चांगली पावडर लागते, असे आम्हाला शिकवले आणि आम्ही वाड्यावाड्यावर हॉरॉक्सच्या चाचणीचे, म्हणजे पाण्याला किती पावडर लागेल ते दाखवणारे, कप मांडून तेच केले. २० मीटर लांब, २० मीटर रुंद आणि २ मीटर खोल तळीत ८ लाख लिटर पाणी मावते. या प्रमाणात तिला २ किलो पावडर होते. एक पोते २५ किलोचे, आणि बातमीत ‘पोती’ असे अनेकवचन आहे. शिवाय हे प्रमाण स्वच्छ पाण्याचे. गाळाने आणि कुजक्या पानांनी भरलेल्या तळीत क्लोरीन आधी त्या घाणीवरच खर्ची पडतो. मोकळ्या पाण्यातले मासे, झिंगे, बेडकांची पिल्ले आणि चतुराच्या अळ्या पहिल्या तासातच मरतील. गाळात खोल डोके खुपसून बसलेले कृमी मात्र बरेचसे वाचतील. मेलेले सगळे तळाला जाऊन कुजेल, पाण्यातला प्राणवायू आणखी उतरेल, गाळात खाद्य आणखी वाढेल. प्राणवायू कमी आणि कुजके भरपूर, हे तर ट्यूबिफेक्सच्या सोयीचे दिवस. खाणारे मासे उरलेले नसतील. पुढच्या महिन्यात तांबडा पट्टा आजच्याहून रुंद झालेला दिसेल आणि मग कोणीतरी आणखी पोती मागवील.

मलेरियाची नोकरी केलेल्या बाईला यात आणखी एक भीती दिसते. गोव्यात मलेरिया पसरवणारा मुख्य डास अॅनोफेलिस स्टीफेन्साय हा विहिरी, टाक्या, साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. त्याच्या अळ्या खाण्यासाठी आपल्याच इथला आप्लोचेलस ब्लॉकी हा इवलासा मासा गोव्यात वापरून बघितला गेला आणि तो कामाचा ठरला. कपाळावर पांढरा चमकता ठिपका असलेला हा मासा आपल्या कितीतरी तळींत आपणहून आहे. ब्लिचिंगने तो मरेल, आणि क्लोरीन उडून गेल्यावर मोकळ्या तळीत सर्वांत आधी अंडी घालायला येईल तो डास.

कृमी मारून तळी साफ होत नाही. गाळात नुसते ट्यूबिफेक्स झाले आणि चतुराची अळी, झिंगे, पाणकिडे यातले काहीच सापडत नाही, याचा अर्थ तळीत कुजणारे फार येत आहे. ते कुठून येते ते शोधा. निर्माल्य तळीत पडते का? महाप्रसादाची भांडी कुठे घासतात, ते पाणी कुठे जाते? वरच्या अंगाला नवीन इमारती झाल्या असतील तर त्यांचे सोकपिट (मैलापाणी मुरवायचा खड्डा) किती अंतरावर आहे? विहीर आणि सोकपिट यांच्यात किमान १५ मीटर अंतर असावे असा नियम आम्ही सांगत आलो, पण आपला चिरा, म्हणजे जांभा दगड, सच्छिद्र आहे, पावसात त्यातून पाणी लांबवर झिरपते. याउलट साळकाच्या मुळांवर नाइस-डेरो आहेत, सोबत चतुराच्या अळ्या आणि मासे आहेत, तर ती तळी चांगली आहे, तिला हात लावू नका.

आजार आणणारे पाण्यात असते ते डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी वेगळी तपासणी आहे. हायड्रोजन सल्फाइडच्या पट्टीची बाटली स्वस्तात मिळते, पाणी भरून उबेत एक-दोन दिवस ठेवायची, मैलापाण्याचे जिवाणू असतील तर पाणी काळे पडते. तळीचे पाणी काळे पडले तर पायऱ्यांवर फलक लावा, तोंडात पाणी घेऊ नये म्हणून सांगा, आणि घाणीची वाट बंद करा. ज्या विहिरीचे पाणी पिता तिथे पावडर जरूर टाका, पण ग्रॅममध्ये मोजून.

तळीचा गाळ काढायची वेळ आलीच असेल तर देवस्थान समितीने उन्हाळ्यात अर्ध्या भागाचा काढावा आणि अर्धा पुढच्या वर्षासाठी ठेवावा. तळाला सिमेंट घालू नये. आमच्या शेजारच्या गावातल्या एका तळीत काही वर्षांपूर्वी तळ सिमेंटचा केला, काठ फरशीचे केले. दिसायला देखणी झाली. मी दरवर्षी तिथले पाणी आणून बघते. हिरवे शेवाळ आणि डासांच्या अळ्या, एवढेच मिळते. माझ्या लहानपणी त्याच तळीत आम्ही गमछाने मासे पकडत होतो.

आपल्यालाही एक विनंती. ‘तळीत घातक किडे’ असा मथळा पुन्हा देण्याआधी गोवा विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात कोणाला तरी एक फोन करावा. शाळांतल्या शिक्षकांनीही बघावे: बहुतेक शाळांत सूक्ष्मदर्शक कपाटात कापडाखाली असतो, तळी शाळेजवळ असते, आणि एका तासिकेत मुले जिवंत प्राण्याचे रक्त वाहताना बघू शकतात.

त्या देवस्थानच्या मंडळींनी, किंवा आपल्या कोणाही वाचकाने, पाणी आणि गाळ आणला तर मी बघून सांगेन. पैसे घेणार नाही. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे. बाटली रुंद तोंडाची घ्यावी, अर्ध्याहून जास्त भरू नये म्हणजे वर हवा राहते, उन्हात किंवा स्कूटरच्या डिकीत ठेवू नये, आणि त्याच दिवशी आणावी. गाळ दोन चमचे पुरे. साळकाचे एखादे पान सोबत असेल तर उत्तम.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
फोंडा तालुका, गोवा